बावीस अक्षरांचं गाव

कुठल्याही क्विझमध्ये एक प्रश्न हमखास येतो : सगळ्यात लांब नावाचं ठिकाण कोणतं? हॉस्टेलमधले क्विझवाले लगेच सांगतात, न्यूझीलंडमधली एक टेकडी, ८५ अक्षरं. दुसरा म्हणतो, वेल्समधलं रेल्वे स्टेशन, ५८. तिसरा आयर्लंडमधलं एक गाव काढतो, २२. मग टाळ्या, दहा पॉइंट्स, पुढचा प्रश्न. त्या नावाचा अर्थ काय, ते कुणी ठेवलं, एवढं लांब ठेवायची त्या लोकांना काय गरज पडली, हे कुणीच विचारत नाही. जणू तिथल्या माणसांना दुसरा उद्योगच नव्हता!

शोधायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की यातली बरीचशी नावं म्हणजे त्या त्या भाषेतली साधी वाक्यं आहेत, किंवा वाक्यांचे तुकडे. मधल्या मोकळ्या जागा कुणीतरी खाऊन टाकल्या आहेत. त्या कुणी खाल्ल्या आणि कशासाठी, हीच खरी गोष्ट आहे. आणि ती सर्वांत नीट कळते आयर्लंडच्या त्या २२ अक्षरांच्या गावात. क्विझमध्ये ते तिसऱ्या नंबरवर असलं तरी सुरुवात तिथूनच करू.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉलवे परगण्यात कॉनेमारा नावाचा भाग आहे. दगड, दलदल, आणि समुद्राचे फाटे जमिनीत आत आत घुसलेले. तिथे दोन फाट्यांच्या मध्ये एक वस्ती आहे. इंग्रजी पुस्तकांत तिचं नाव सलग २२ अक्षरांत लिहितात. उच्चार साधारण 'मकनाघेडरडाऊहॉलिया'. एका श्वासात म्हणून बघा. आयर्लंडमधलं सर्वांत लांब नाव म्हणून पुस्तकांत बहुधा हेच दिलेलं असतं.

आता हेच नाव आयरिश भाषेत, म्हणजे तिथल्या लोकांच्या स्वतःच्या भाषेत कसं लिहितात? चार वेगळे शब्द : मुकनाख – इदिर – घा – हाल्या. (उच्चार अंदाजे. आयरिश उच्चार देवनागरीत बसवणं म्हणजे चौकोनी खुंटी गोल भोकात ठोकणं.) 'मुक' म्हणजे डुक्कर, आणि 'मुकनाख' म्हणजे डुकराच्या पाठीसारखा उंचवटा. 'इदिर' म्हणजे मध्ये. 'घा' म्हणजे दोन. 'हाल्या' म्हणजे खारं पाणी. झालं! दोन खाऱ्या पाण्यांच्या मधला डुकराच्या पाठीसारखा उंचवटा. कुणाला पत्ता सांगायचा तर आपणही असंच सांगू ना, ओढ्याच्या पलीकडची, वडाच्या मागची वाडी.

यात दोन गोष्टी गमतीच्या आहेत. पहिली म्हणजे ती चार शब्दांतली आयरिश अक्षरं मोजली तर २३ भरतात. इंग्रजी नावापेक्षा एक जास्तच! पण आयरिश माणसाला हे नाव लांब वाटत नाही, कारण त्याच्यासाठी ते 'नदीच्या दोन फाट्यांमध्ये' म्हणण्याइतकं सोपं आहे. लांबी अक्षरांतून येत नाही, अर्थ कळला नाही की येते.

दुसरी गोष्ट व्याकरणाची आहे, पण कंटाळवाणी नाही. खाऱ्या पाण्याला मूळ आयरिश शब्द 'साल्या' आहे, 'स'पासून सुरू होणारा. इंग्रजीतल्या 'सॉल्ट' आणि 'सलाइन'चा तो लांबचा भाऊ. मग 'हाल्या' कुठून आलं? आयरिशमध्ये काही शब्द आधी आले की पुढच्या शब्दाचं पहिलं व्यंजन मऊ पडतं. 'दोन' हा त्यातलाच एक. 'दोन'नंतर आलेल्या 'साल्या'तला 'स' विरघळतो आणि 'ह' उरतो. लिहिताना 'स' तसाच ठेवून त्याच्यापुढे एक 'एच' टाकतात, म्हणजे वाचणाऱ्याला मूळ शब्द कळतो. पण इंग्रजीत लिहिणाऱ्याने कानाला ऐकू आलं तेच लिहिलं. आता समजा कुणी चिकित्सक माणूस डिक्शनरी घेऊन 'हॉलिया'चा अर्थ शोधायला बसला. 'एच'ची पानं संपतील, शब्द सापडणार नाही. तो 'एस'मध्ये दडलेला आहे. अर्थ असा एका अक्षरात हरवतो.

जाता जाता : 'इदिर' हा शब्द आपल्या 'अंतर'चा आणि लॅटिन 'इंटर'चा सख्खा नातेवाईक आहे, आणि 'घा'चं मूळ रूप 'दा' हे आपल्या 'दोन'चं, संस्कृत 'द्वा'चं. आयरिश आणि मराठी या दोन्ही एकाच इंडो-युरोपियन कुटुंबातल्या. म्हणजे डुक्कर सोडलं तर त्या नावाचा मधला भाग आपण निम्मा ओळखतो.

तर हे नाव सलग लिहिलं कुणी? इथे सिव्हिलवाल्यांनी जरा सावरून बसावं.

१८२४ मध्ये ब्रिटिश सरकारने आयर्लंडचा संपूर्ण नकाशा करायचं ठरवलं. कारण देशप्रेम वगैरे नव्हतं, कारण होतं टॅक्स. आयर्लंडमध्ये जमिनीचा सर्वांत छोटा घटक म्हणजे 'टाउनलँड'. असे टाउनलँड ६० हजारांहून जास्त आहेत. स्थानिक कर त्यांच्यावर बसायचा, पण कुठल्याची हद्द कुठे आणि जमीन किती, याचा धड हिशोब नव्हता. मग 'ऑर्डनन्स सर्व्हे'कडे काम गेलं. स्केल ठरलं एका मैलाला सहा इंच, म्हणजे १ : १०५६०. पूर्ण देश या स्केलवर काढायचा! १८४६ पर्यंत ते संपलं. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला कॅम्पसची एक बाजू मोजताना आपली काय अवस्था होते ते आठवा, आणि मग या माणसांना मनातल्या मनात सलाम करा.

या कामाचा प्रमुख होता कर्नल थॉमस कोल्बी. बेसलाइन मोजताना साखळी उन्हाने वाढते आणि थंडीने आकसते, हा नेहमीचा वैताग. कोल्बीने लोखंडाची आणि पितळेची अशा दोन पट्ट्या शेजारी शेजारी मधोमध जोडल्या आणि टोकांना छोट्या जिभा बसवल्या. दोन धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे जीभ थोडी तिरकी होते, पण तिच्यावरचा एक बिंदू जागचा हलत नाही. दोन्ही टोकांच्या बिंदूंमधलं अंतर कायम १० फूट. उत्तर आयर्लंडमधल्या लॉख फॉइलच्या काठी १८२७-२८ मध्ये या पट्ट्यांनी बेसलाइन मोजली गेली. भारतातल्या सर्व्हेचा जॉर्ज एव्हरेस्ट तेव्हा रजेवर इंग्लंडला होता. १८२९ मध्ये तो मुद्दाम आयर्लंडला गेला, हे काम बघितलं, आणि तशाच पट्ट्या घेऊन हिंदुस्थानात परतला. १८३१-३२ ची कलकत्त्याची बेसलाइन त्यांच्यावरच मोजलेली आहे. म्हणजे ज्या सर्व्हेने त्या कॉनेमाराच्या वस्तीचं नाव सलग करून टाकलं, त्याचंच हत्यार पुढे आपल्याकडे आलं.

पण मोजणं सोपं, लिहिणं कठीण! नकाशावर नाव टाकायचं तर स्पेलिंग हवं. गावकरी आयरिश बोलणारे, अधिकारी इंग्रजीवाले. एकेका जागेची कागदोपत्री पाच-सहा स्पेलिंगं, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. म्हणून सर्व्हेने एक वेगळं खातं काढलं आणि त्यात जॉन ओडोनोव्हन नावाच्या आयरिश पंडिताला नेमलं (जन्म १८०६). हा माणूस गावोगाव पायी फिरायचा. त्या भागातल्या म्हाताऱ्या आयरिश बोलणाऱ्यांना गाठून विचारायचा, तुम्ही या जागेला काय म्हणता? ते कसं उच्चारतात ते ऐकायचा, मूळ आयरिश रूप वहीत लिहून घ्यायचा, आणि मग त्याच्या जवळ जाणारं एखादं इंग्रजी स्पेलिंग सुचवायचा. या वह्यांना 'नेम बुक्स' म्हणतात. नकाशावर गेलं फक्त ते शेवटचं इंग्रजी स्पेलिंग. आयरिश रूप वहीत राहिलं.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये काय काय वाहून गेलं त्याचा हा नमुना बघा. 'किल्ल' म्हणजे चर्च. 'क्विल्ल' म्हणजे जंगल. आयरिश कानाला हे दोन अगदी वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत बऱ्याच ठिकाणी दोघांचंही 'किल' झालं. किल्डेअर म्हणजे ओकच्या झाडाचं चर्च, किल्केनी म्हणजे संत केनीचं चर्च, हे ठीक. पण दुसरं एखादं 'किल' समोर आलं तर तिथे पूर्वी चर्च होतं की झाडी होती, हे नकाशा बघून सांगता येत नाही. शिवाय 'किल' म्हटल्यावर इंग्रजी वाचणाऱ्याच्या डोक्यात भलताच खूनखराबा येतो तो वेगळाच.

ब्रायन फ्रील या आयरिश नाटककाराने याच विषयावर १९८० मध्ये 'ट्रान्स्लेशन्स' नावाचं नाटक लिहिलं. डोनेगॉलमधलं एक खेडं, साल १८३३, एक इंग्रज लेफ्टनंट आणि त्याचा आयरिश दुभाषा समोर 'नेम बुक' घेऊन एकेक नाव इंग्रजीत आणतायत. नाटक गाजलं, पण जे. एच. अँड्र्यूज या इतिहासकाराने, ज्याने या सर्व्हेवर १९७५ मध्ये पूर्ण ग्रंथ लिहिला होता, दाखवून दिलं की खरा सर्व्हे नाटकातल्यासारखा नव्हता. मला अँड्र्यूजचं पटतं. ओडोनोव्हनला खलनायक करता येत नाही. त्याने वहीत आयरिश रूपं लिहून ठेवली नसती, तर आज कित्येक नावांचा अर्थ सांगायला कुणीही उरलं नसतं.

कारण नकाशा पुरा होत होता तेव्हाच बटाट्याचं पीक कुजलं. १८४५ ते १८४९ चा मोठा दुष्काळ. सुमारे दहा लाख माणसं मेली, आणखी दहा लाख देश सोडून गेली. सर्वांत जास्त फटका पश्चिमेला, म्हणजे जिथे आयरिश बोलली जायची तिथेच बसला. शाळा १८३१ पासून इंग्रजीतून होत्याच. पुढच्या दोन पिढ्यांत बहुतेक देश इंग्रजी बोलायला लागला. ज्यांना विचारून नावं लिहिली होती त्या म्हाताऱ्यांची नातवंडं अमेरिकेत, आणि गावाचं नाव म्हणजे एक विचित्र आवाज. २०२२ च्या जनगणनेत शाळा-कॉलेजबाहेर रोज आयरिश बोलणारे सुमारे ७२ हजारच निघाले. एखादं मोठं इंजिनिअरिंग फेस्ट धरलं तर आपण काही हजार जमतो. एक पूर्ण भाषा रोज बोलणारे ७२ हजार, आणि टाउनलँडची नावं ६० हजार! म्हणजे माणशी साधारण एक नाव सांभाळायला आलं.

स्वतंत्र आयर्लंडने याचं काय केलं? २००३ मध्ये तिथे राजभाषांचा कायदा झाला, आणि त्याखाली एक आदेश २८ मार्च २००५ ला लागू झाला. जिथे अजून आयरिश बोलली जाते त्या भागांना 'गेल्टाख्त' म्हणतात. त्या भागांत इंग्रजी नावांची कायदेशीर मान्यता काढून घेतली. सरकारी नकाशावर, रस्त्याच्या पाटीवर फक्त आयरिश नाव. म्हणजे आपलं ते २२ अक्षरांचं नाव आता कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. पाटीवर चार शब्द, आणि २२ अक्षरं क्विझच्या पुस्तकात.

झालं, न्याय मिळाला, असं वाटेल. थांबा. केरी परगण्यात डिंगल नावाचं एक टुरिस्ट गाव आहे. फंगी नावाच्या डॉल्फिनमुळे ते जगभर माहीत झालं होतं (हा डॉल्फिन १९८३ पासून तिथल्या खाडीत यायचा, २०२० मध्ये नाहीसा झाला). गाव गेल्टाख्तमध्ये येतं, म्हणून आदेशाने त्याचं अधिकृत नाव एकदम 'अन दांगन' झालं, म्हणजे 'गढी'. गावकरी भडकले. एक तर आयर्लंडमध्ये दुसऱ्या परगण्यात आणखी एक दांगन आहे. दुसरं म्हणजे बाहेरून येणारे टुरिस्ट 'डिंगल'ची पाटी शोधतात, पाटी 'अन दांगन'ची, लोक पुढे निघून जातात, आणि हॉटेलवाल्यांनी करायचं काय? तिसरा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. आयरिशमध्येसुद्धा पूर्ण नाव 'दांगन ई ख्हूश' असं होतं, म्हणजे 'ओ कूश घराण्याची गढी'. सरकारने अर्धंच नाव दिलं! काहींनी पाट्यांवर स्प्रेने 'डिंगल' लिहून टाकलं. २००६ मध्ये गावात मतदान झालं आणि प्रचंड बहुमताने 'डिंगल' आणि पूर्ण आयरिश नाव, दोन्ही हवीत असा कौल मिळाला. सरकार म्हणालं, या मतदानाला कायद्यात आधार नाही. शेवटी २०११ मध्ये कायद्यातच दुरुस्ती करून दोन्ही नावं दिली. भाषेवर प्रेम असणं एक, आणि गावातल्या माणसांना न विचारता त्यांच्या गावाचं नाव ठरवणं दुसरं. ओडोनोव्हन निदान दारात जाऊन विचारत तरी होता.

आता समुद्र ओलांडून वेल्सला जाऊ. वेल्श ही आयरिशची चुलत बहीण. तिथेही शब्दाचं पहिलं व्यंजन मऊ होतं. अँगलसी बेटावरच्या एका खेड्याचं नाव ५८ अक्षरी आहे. उच्चार साधारण असा : लानवाइर-पुलग्विनगिल-गोगेरख्वर्नद्रोबुल-लानतसिल्यो-गोगोगोख. अर्थ : पांढऱ्या हेझलच्या खळग्यातलं, जोरदार भोवऱ्याजवळचं सेंट मेरीचं चर्च, आणि लाल गुहेचं सेंट तसिल्योचं चर्च. मेरीचं वेल्श नाव 'माइर', पण 'लान' म्हणजे चर्च आधी आलं की 'म'चा 'व' होतो, म्हणून 'वाइर'. तेच कॉनेमारातलं 'साल्या–हाल्या'चं प्रकरण!

फक्त फरक असा की हे नाव चक्क जाहिरात आहे. गावाचं जुनं नाव पहिल्या दोन तुकड्यांपुरतंच होतं. १८४८ मध्ये तिथे रेल्वे आली आणि साधारण १८६० च्या दशकात कुणीतरी स्टेशनचं नाव ब्रिटनमधलं सर्वांत लांब करायचं ठरवलं, म्हणजे येणारे-जाणारे उतरतील, फोटो काढतील, चहा पितील. गावातल्या एका शिंप्याची ही कल्पना असं सांगतात, कुणी चांभाराची म्हणतं. चालली मात्र जोरात. आजही लोक फलाटावरच्या त्या लांब पाटीचा फोटो काढायला येतात. २०१५ मध्ये ब्रिटनच्या चॅनेल फोरवर लियम डटन नावाच्या हवामानवाल्याने हे नाव बातम्यांत न अडखळता म्हटलं, तर तो व्हिडिओ जगभर फिरला.

भोवरा मात्र खरा आहे. मेनाई सामुद्रधुनीत थॉमस टेलफर्डचा झुलता पूल (१८२६) आणि रॉबर्ट स्टीफन्सनचा ब्रिटानिया पूल (१८५०) यांच्या मधल्या पट्ट्यात पाण्याला भयंकर ओढ असते. आपल्या अभ्यासातले दोन सुप्रसिद्ध पूल एका थापेबाज नावाच्या शेजारी आहेत.

५८ अक्षरं हा आकडाही वादाचाच. वेल्शमध्ये 'डबल एल' हे एकच अक्षर मानतात (जीभ 'ल'च्या जागी ठेवून कडेने फुंकर मारा, तो आवाज). तसंच 'सीएच'. त्यांच्या हिशोबाने नावात ५१ अक्षरं आहेत. आपण 'ख'ला एक अक्षर म्हणतो आणि इंग्रजीत लिहिताना दोन टाकतो, तसंच हे. म्हणजे 'सर्वांत लांब'चे सगळे रेकॉर्ड कुणाच्या मोजपट्टीने मोजले यावर अवलंबून आहेत, आणि मोजपट्टी बहुतेक वेळा इंग्रजीची असते.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये वेबस्टर गावाशेजारी एक तळं आहे, त्याचं नाव ४५ अक्षरी. निपमक या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं. त्याचा अर्थ म्हणून सगळीकडे एक वाक्य सांगितलं जातं : 'तू तुझ्या बाजूला मासे धर, मी माझ्या बाजूला धरतो, मध्ये कुणीच धरायचे नाहीत.' ऐकायला झकास. पण ही गंमत लॉरेन्स डेली या तिथल्याच वृत्तपत्राच्या संपादकाने १९२० च्या दशकात रचलेली आहे. जुन्या छोट्या नावाचा अर्थ 'हद्दीवरची मासेमारीची जागा' असा काहीसा आहे. भाषा बोलणारे उरले नाहीत की कुणीही काहीही अर्थ सांगावा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात. २००९ मध्ये तर तळ्याकाठच्या पाट्यांवर स्पेलिंगच चुकलं असल्याचं उघड झालं. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात कसं येणार?

याच्या उलट न्यूझीलंडची ती ८५ अक्षरांची टेकडी. ३०५ मीटर उंच, उत्तर बेटावर, पोरांगाहाऊ गावाजवळ. नाव माओरी भाषेत आहे आणि त्यात एक पूर्ण कथा आहे. तामातेआ नावाचा एक मोठा प्रवासी सरदार होता. इथे झालेल्या लढाईत त्याचा भाऊ मारला गेला. तामातेआ तिथेच थांबला आणि रोज टेकडीवर बसून आपल्या बासरीवर शोकाचे सूर वाजवत राहिला. नावाचा अर्थ : मोठ्या गुडघ्यांचा, डोंगर चढणारा, घसरत उतरणारा, भूमी पालथी घालणारा तामातेआ आपल्या प्रिय माणसासाठी बासरी वाजवत बसला तो माथा.

हे नाव तोडून बघण्यासारखं आहे. 'तौमाता' म्हणजे माथा. 'फाकातांगिहांगा'मध्ये 'तांगी' म्हणजे आवाज येणं, रडणंसुद्धा. आधी 'फाका' लावलं की 'आवाज करवणं', आणि शेवटी 'हांगा' लावलं की क्रियेचं नाम. आपलं वाज – वाजव – वाजवणं हेच की! 'कोआउआउ' म्हणजे बासरी. आणि 'तांगी'मध्ये वाजणं आणि रडणं एकाच शब्दात असल्यामुळे ती बासरी रडतेच आहे, वेगळं सांगावं लागत नाही. सरकारी नोंदीत या नावाचं थोडं छोटं रूप आहे, ५७ अक्षरांचं. त्यात गुडघे, डोंगर आणि घसरणं गाळलंय, भाऊ आणि बासरी ठेवली आहे. रोजच्या बोलण्यात लोक नुसतं 'तौमाता' म्हणतात.

आणि आता असं एक नाव, जे आपल्याला परकं वाटायलाच नको. बँकॉक. थाई लोक आपल्या राजधानीला 'क्रुंग थेप' म्हणतात, ते एका अवाढव्य नावाचं तोंड आहे. रोमन लिपीत १६८ अक्षरं! पण 'क्रुंग' सोडला तर जवळजवळ सगळे शब्द संस्कृत-पाली. थाई उच्चारात ऐकलं तर काहीच कळत नाही, कारण 'देव'चा 'थेप' होतो, 'नगर'चा 'नखोन', 'राज'चा 'रात्चा'. थाई उच्चार बाजूला ठेवून मूळ रूपं मांडली की बघा : देवमहानगर, अमररत्नकोसिंद्र, महिंद्रायुध्या, महातिलकभव, नवरत्नराजधानी, पुरीरम्य, उत्तमराजनिवेशन, महास्थान, अमरविमान, अवतारस्थित, शक्रदत्तिय, विष्णुकर्मप्रसिद्धि. जगातलं सर्वांत लांब म्हणून गाजलेलं नाव, आणि दहावीला संस्कृत घेतलेला कुणीही निम्म्याहून जास्त सांगू शकेल. (मी कॉन्व्हेंटमध्ये, दहावीला फ्रेंच. मला रूममेटने मदत केली.) शिवाय थाई लिपीत शब्दांच्या मध्ये जागा सोडायची पद्धतच नाही, त्यामुळे त्यांना ते सलग असण्यात काही विशेष वाटत नाही.

त्या 'अयुध्या'कडे नीट बघा. सयामची जुनी राजधानी अयुथ्या १७६७ मध्ये ब्रह्मी फौजांनी जाळून बेचिराख केली. १७८२ मध्ये पहिल्या राम राजाने नवी राजधानी वसवली आणि जळालेल्या शहराचं नाव नव्या शहराच्या नावात गुंफून ठेवलं. आणि शेवटचे दोन शब्द सांगतात की हे शहर शक्राने म्हणजे इंद्राने दिलं आणि विश्वकर्म्याने बांधलं. एवढ्या मोठ्या राजधानीच्या नावात शेवटची ओळ इंजिनिअरची! आपल्या वर्कशॉपमध्ये विश्वकर्मा जयंतीला नारळ फुटतो तेव्हा हे सांगायला हरकत नाही.

आपल्या देशातलंही एक नाव सांगतो आणि थांबतो. आंध्र प्रदेशात, तमिळनाडूच्या सीमेजवळ, अरक्कोणम–रेणिगुंटा मार्गावर एक छोटं स्टेशन आहे : वेंकटनरसिंहराजुवारिपेटा. इंग्रजीत २८ अक्षरं. भारतातलं सर्वांत लांब नावाचं स्टेशन म्हणून हेच सांगितलं जायचं, आणि एकाच शब्दाचं म्हणाल तर अजूनही हेच नाव घेतात. तोडून बघा. वेंकट नरसिंह राजु हे माणसाचं नाव. 'पेटा' म्हणजे आपली पेठ. मधलं 'वारि' म्हणजे आदरार्थी षष्ठी, मराठीत सांगायचं तर 'राजूची' नाही, 'राजूंची' किंवा 'राजूसाहेबांची'. ते 'वारि' काढलं तर चार अक्षरं वाचली असती, पण मग साहेबांना अरे-तुरे झालं असतं. रेल्वेच्या कॉम्प्युटरने मात्र नाव, आडनाव आणि आदर सगळं छाटून तीन अक्षरांचा कोड केला आहे : व्ही-के-झेड. फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर पूर्ण नाव आहे. पाटी अर्थातच लांब करावी लागली.